आटत्या नदीचा डाव: पत्त्यांचा डावपेची खेळ घरी कसा बनवायचा

दिवसभर दुसऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरणारा माणूस पत्त्यांचा खेळ बनवायला का लागला, हे आमच्या घरात अजून कुणाला उमगलेलं नाही. मलाही नीट सांगता येत नाही. पण दीड वर्ष गेलं, पत्त्यांचे तीन कॅट (संच) वाया गेले, आणि चौथा आता सांगलीत आमच्या गल्लीतली चार घरं आपणहून मागून नेतात. या दीड वर्षात ज्या चुका मी केल्या त्यातल्या निम्म्या तुम्हाला टाळता येतील, म्हणून हे लिहितोय.

खेळ थोडक्यात असा. सिंधू संस्कृती उतरणीला लागली आहे, शहरं रिकामी होताहेत. खेळणारे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. सगळ्यांनी मिळून नदी आटायच्या आत निदान ३ विद्या पुढच्या माणसांच्या हवाली करायच्या. नाही जमलं तर सगळेच हरले. २ ते ४ जण, पाऊण तास.

तुमचा विषय वेगळा असू शकतो. पायऱ्या त्याच राहतात.

आधी हे जमवा

- जुन्या लग्नपत्रिका, निदान ३०. कोरी बाजू वर. याहून चांगला फुकटचा पुठ्ठा नाही.
- पेन्सिल, खोडरबर, ४ रंगांची स्केचपेनं
- स्टीलची पट्टी आणि कटर. कात्रीनं पानं वाकडी कापली जातात आणि दोन डावांत कुठलं पान कुठलं ते पाठीवरून ओळखू येतं.
- एक वही, फक्त डावांच्या नोंदींसाठी
- खरं बोलणारी ४ माणसं. ही सगळ्यात उशिरा मिळतात, म्हणून शोध आत्ताच सुरू करा.

१. काय हरवतंय ते आधी ठरवा

नवखा माणूस पहिल्यांदा चित्रं काढायला बसतो. मीही बैल काढत बसलो होतो, वशिंडासकट. तसं करू नका. आधी एका कागदावर लिहा: या लोकांना काय येत होतं, त्यातलं काय टिकलं, काय गेलं.

माझी यादी अशी झाली. वजनं-मापं: चर्ट या कठीण दगडाची घनाकृती वजनं, १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीनं चढत जाणारी, १६ चं वजन साधारण १३.७ ग्रॅम. विटा आणि गटारं: वीट १:२:४ या प्रमाणातली, गावोगाव तीच. मणी: कार्नेलियन या लाल दगडाला आरपार भोक पाडायची कला. कापूस: मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून सुताचा अवशेष राहिला आणि त्यावरून कळलं. पाचवी विद्या दर्यावर्दीपणाची. सहावी लिपी.

ही यादी करतानाच खेळ अर्धा सापडला. मण्यांचं काम आजही गुजरातेत खंबातला चालतं. लिपी मात्र कुणालाच वाचता येत नाही. कच्छमधल्या धोलाविऱ्याला मोठमोठ्या १० चिन्हांची पाटी सापडली, तिच्यावर काय लिहिलंय ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून माझ्या खेळात बाकी विद्यांना ३ पानं लागतात आणि लिपीला ४. आजवर लिपी वाचवलेले डाव मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो.

सावधान: व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी सिंधू लिपी 'वाचून' दाखवतो. ते पानावर छापू नका. पुस्तकातून दोनदा ताडून घेतलेलंच घ्या.

२. ऱ्हासाचं कारण म्हणजे तुमच्या खेळाचं घड्याळ

इथं मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून जरा सविस्तर.

सांगलीचा माणूस संकट म्हटलं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे बघतो. ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. ऑगस्टमध्ये घराघरात एकच प्रश्न, "पाणी किती झालं?" मी खेळाला तीच पट्टी लावली. प्रत्येक संकटपानानं (म्हणजे संकट आणणाऱ्या पानानं) पाणी एक फूट चढायचं, ४५ झाले की डाव संपला. गल्लीत सगळ्यांना आवडलं. आवडणारच, २०१९ चं पाणी सगळ्यांनी उंबऱ्याच्या आत बघितलंय.

मग ऑफिसातल्या, दुष्काळी जत तालुक्यातल्या मित्राला खेळायला बसवलं. दोन डाव तो काही बोलला नाही. तिसऱ्याला म्हणाला, "आमच्यात पाणी चढून गाव उठत नाही. विहीर तळाला गेली की उठतंय."

घरी येऊन पुन्हा पुस्तकं काढली. मोहेंजोदडोला पूर येत, लोकांनी उंच जोती बांधलेली होती, हे खरंच. पण शहरं ओस पडली त्याची जी कारणं अभ्यासक सांगतात त्यात मोठा वाटा पाऊसमान कमी होण्याचा आहे. भरभराटीचा काळ साधारण इसवी सनपूर्व २६०० ते १९००. त्याच्या शेवटाकडे मोसमी पाऊस ढिला पडला, घग्गर-हाक्रासारख्या नद्यांचं पाणी घटलं. मेसोपोटेमियाशी चालणारा व्यापार आटला. तिकडच्या लेखांत ज्याला मेलुहा म्हणतात तो बहुधा हाच मुलूख. लोक एका रात्रीत मेले नाहीत. पूर्वेकडे, गुजरातेकडे लहान लहान वस्त्यांत पांगले.

म्हणजे माझी नदी उलटी वाहत होती. पट्टी फेकून दिली आणि संकटपानांचा गठ्ठाच नदी केला. प्रत्येक उतारीला (म्हणजे एकेकाच्या खेळायच्या पाळीला) वरचं एक पान निघतं, गठ्ठा बारीक होत जातो, आणि गठ्ठा संपला की नदी आटली. वेगळी पट्टी नको, सोंगटी नको. खेळ स्वस्त झाला आणि खराही.

तुमच्या विषयात ऱ्हास कशानं झाला ते असंच शोधा. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पोथ्या घेतल्या तर घड्याळ वेगळं: १५६२ मध्ये मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्यानं पोथ्या जाळल्या, आज ४ उरल्यात. तिथं संकट एकदम येतं, हळूहळू नाही. असिरियाचा राजा असुरबनिपाल याचा ग्रंथसंग्रह होता त्या निनेव्हेत तर आणखी गंमत. इसवी सनपूर्व ६१२ मध्ये शहर पडलं, आग लागली, आणि मातीच्या पाट्या त्या आगीत भाजून उलट पक्क्या झाल्या. आग लागली की पान वाचतं, असा नियम कुणीतरी करून बघा. मला वेळ झाला नाही.

३. एकच नवी युक्ती घ्या, आणि ती विषयातूनच येऊ द्या

रमी, मेंढीकोट, बदाम सात यांच्यावर नुसती चित्रं बदलून 'हडप्पा रमी' करू नका. लोक एकदा हसतात आणि खोकं बंद होतं.

माझी युक्ती अशी होती: हातात धरून ठेवलेली विद्या फिकी पडते. दुसऱ्याला शिकवली तर टिकते. पहिल्या नियमात शिकवणं म्हणजे पान शेजाऱ्याला देऊन टाकणं होतं. तासगावची आत्या, तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त, खेळता खेळता थांबली. "मी मुलांना पाढे शिकवले म्हणून माझे पाढे गेले होय रे?"

ते पान मग शेजाऱ्याकडे जायचं बंद झालं. आता ते दोघांच्या मध्ये बांधावर ठेवतात. दोन शेतांमधला बांध जसा दोघांचा, तसं हे पान दोघांच्या हिशोबात धरायचं, आणि बांधावरचं पान आपोआप फिकं पडत नाही. या एका बदलानंतर माणसं एकमेकांशी बोलायला लागली. त्याआधी प्रत्येकजण मान खाली घालून आपापली पानं बघायचा.

४. नियम लिहा, एका पानात

एका पानात मावत नसतील तर खेळ अजून तयार नाही. माझे असे:

*पानं ५४:* विद्या ३० (६ विद्या, प्रत्येकी ५), संकटं १४, वारस १० (विद्या पुढं नेणारी माणसं).

*मांडणी:* तिन्ही गठ्ठे वेगवेगळे पिसा. प्रत्येकाला २ विद्यापानं वाटा, ती समोर उघडी आणि उभी ठेवायची. मध्ये ५ विद्यापानं आणि ३ वारस उघडे.

*आपल्या उतारीला २ कृती, हव्या त्या:*
- शिका: मधलं एक विद्यापान घ्या, जागा गठ्ठ्यातून भरा.
- शिकवा: आपलं एक पान डाव्या किंवा उजव्या बांधावर ठेवा. एका बांधावर जास्तीत जास्त ४ पानं. दोघेच असतील तर बांध एकच.
- सोपवा: आपल्या समोरची आणि आपल्या बांधांवरची मिळून एकाच विद्येची ३ पानं (लिपीची ४) एका वारसाखाली ठेवा. ती विद्या वाचली. एका वारसाला एकच विद्या.

*उतारी संपली की:* समोरची उभी पानं आडवी करा, म्हणजे ती फिकी पडली. आधीपासून आडवी असतील ती खेळाबाहेर. मग संकटपान उलटा.

*संकटं:* ६ 'नदी आटली' (नुसती वेळ जाते), ४ 'गाव उठलं' (एका बांधावरची उभी पानं आडवी, आडवी होती ती बाहेर), २ 'नावा परतल्या नाहीत' (पुढच्या उतारीत मधली पानं भरायची नाहीत), २ 'भट्टी विझली' (पुढच्या उतारीत सोपवता येत नाही).

वारसांची नावं हे माझं आवडतं काम. 'खंबातचा मणीकार' आहे. 'दायमाबादचा ओतारी' आहे. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, म्हणजे धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत आला. विटांच्या एका पानावर मी छापलंय: '१८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेची खडी म्हणून हडप्पाच्या विटा नेल्या.' ते पान कुणी उचललं की हटकून कुणीतरी मोठ्यानं वाचतं.

५. कृतींचा हिशोब मांडा

खेळायला बसण्याआधी वहीत. हे काम कंटाळवाणं आहे पण दहा डाव वाचवतं.

संकटपानं १४ म्हणजे उतारी १४, म्हणजे सगळ्यांच्या मिळून कृती २८. एक विद्या वाचवायला साधारण किती? पहिलं पान शिका-शिकवा २, दुसरं २, तिसरं शिका आणि लगेच सोपवा २. एकूण ६. चार विद्या म्हणजे २४. कागदावर ४ कृती शिल्लक राहतात, म्हणून मी जिंकायची अट ४ विद्यांची ठेवली होती.

प्रत्यक्षात ११ डावांत एकदाही कुणी जिंकलं नाही. कारण हवं ते पान हव्या त्या बांधावर नसतं. समोरच्याचा बांध तुम्हाला लागू नाही. अट ३ वर आणली आणि साधारण निम्मे डाव जिंकले जाऊ लागले. त्याआधीच्या कॅटमध्ये २० संकटपानं होती, ४० कृती मिळायच्या, तेव्हा जो तो जिंकायचा आणि अर्ध्यातच जांभया. तुमच्या खेळात आकडे वेगळे असतील, पण शिल्लक कृती बऱ्यापैकी (माझ्या ३ च्या अटीत १०) आणि सुरुवातीची काही पानं हातात, एवढं धरून चला. मग खेळून एकेक पान कमी-जास्त करा. एका वेळी एकच बदल. दोन केले की कशानं काय झालं ते कळत नाही.

६. खेळायला बसवा आणि गप्प बसा

नियमाचा कागद द्या आणि तोंड बंद ठेवा. फार अवघड आहे. त्यांनी चुकीचं खेळलं तर कागद चुकला असं समजा. अडखळले ती जागा वहीत लिहा. डाव झाल्यावर "कसा वाटला?" विचारू नका, "छान" एवढंच ऐकायला मिळतं. "कुठं कंटाळा आला?" विचारा.

दोन सापळे इथं आहेत. पहिला, एकच शहाणा सगळ्यांचे डाव खेळतो. आमच्याकडे तो मान माझ्या मेहुण्याचा. "तू हे घे, तू ते ठेव," बाकीचे नुसते हात. उपाय म्हणून नियम घातला की ज्याची उतारी त्याच्याशी फक्त बांधाचा शेजारी बोलू शकतो. चौघांत समोरच्याला गप्प बसावं लागतं. मेहुण्याला मी नेहमी समोर बसवतो.

दुसरा सापळा भडंगाचा. सांगलीत माणसं बोलवायची आणि भडंग द्यायचं नाही असं होत नाही. पण तेलाची, हळदीची बोटं लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कायमची उठतात. माझ्या दुसऱ्या कॅटात लिपीच्या एका पानाच्या पाठीवर पिवळा अंगठा होता आणि गठ्ठ्यात ते पान कुठं आहे हे सगळ्यांना दिसायचं. आधी डाव, मग भडंग.

७. मराठी अक्षरं छापखान्यात फुटतात

मोबाइलवर किंवा संगणकावर तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता. बऱ्याच छापखान्यांत काम जुन्या फॉन्टवर आणि कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीवर चालतं. फाइल तिथं उघडली की 'विद्या' मधला 'द्या' सुटतो आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. माझ्या तिसऱ्या कॅटमध्ये पाच पानांवर 'विद्‌या' छापलं गेलं. छापखान्यानं बोट माझ्याकडे केलं, मी त्यांच्याकडे, पैसे माझेच गेले.

म्हणून तीन गोष्टी. अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करूनच फाइल द्या, म्हणजे ती चित्र होतात. सोबत पीडीएफ द्या आणि ती छापील नमुन्याशी ओळीनं ओळ ताडा. आणि पहिला नमुना हातात घेऊन जोडाक्षरं बोट ठेवून वाचा. घाईत डोळा जे असायला हवं तेच बघतो.

८. छपाई

पानाचं माप ६३ × ८८ मिलिमीटर ठेवा, नेहमीच्या पत्त्यांएवढं. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर कापणीसाठी जास्त रंग सोडा, म्हणजे एक पान ६९ × ९४ होतं. १२ × १८ इंची शीटवर अशी १८ बसतात. ५४ पानं म्हणजे बरोबर ३ शीट. माझी ५४ ची संख्या काही देवानं दिलेली नाही, ती इथून आली.

कागद ३०० जीएसएम आर्ट कार्ड. मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंना करा. पैसे वाचवायला एकाच बाजूला केलं तर जुलैत पानं पापडासारखी वळतात. पाठीवर चौकट काढू नका. मशीनवर पुढची-मागची बाजू केसभर सरकतेच आणि चौकट लगेच चुगली करते. पूर्ण पसरलेली नक्षी ठेवा. कोपरे गोल करायला कॉर्नर कटर मिळतो, १० संचांपर्यंत घरी बसून होतं, पुढं अंगठा दुखतो.

सावंतवाडीच्या गंजिफ्यासारखी गोल पानं करायचा मोह मलाही झाला होता. दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानं असतात, हातानं रंगवलेली, बघत राहावीत अशी. पण छापखान्यात गोल कापायला वेगळी डाय (कापायचा साचा) बनवावी लागते. पहिल्या खेळाला चौकोनीच बरं.

थोड्या प्रती डिजिटल छपाईवर काढा. ऑफसेटचा भाव ऐकून "एवढं स्वस्त?" म्हणून पाचशे संच छापू नका. पाचशे खोकी ठेवायला खोली लागते आणि विकायला वर्षं.

९. विकायचा असेल तर कागदपत्रं

मित्रमंडळींना वाटणार असाल तर ही पायरी सोडा. विकणार असाल तर हे माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून नीट सांगतो.

- चित्रकाराची लेखी संमती. भाचीनं चित्रं काढली तरी. कायद्यानं हक्काचं हस्तांतर लेखीच लागतं, "ती कुठं नाही म्हणणार आहे" चालत नाही.
- कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण हवी असल्यास फॉर्म १४, साहित्यिक कृतीला ५०० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. लक्षात ठेवा, खेळाची कल्पना किंवा खेळण्याची पद्धत यात सुरक्षित होत नाही. तुमचे शब्द आणि चित्रं होतात.
- वय. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. माझा खेळ मोठ्यांसाठी आहे आणि खोक्यावर तसं छापलंय. मुलांसाठी करणार असाल तर हा खर्च आधीच धरा.
- उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी ऑनलाइन, फुकट. आधार आणि पॅन लागतं. यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
- जीएसटी. माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर विकलात तर पहिल्या संचापासून लागते. बेळगाव आपलंच, पण तिथल्या काकांना कुरिअरनं संच विकलात तर तो जीएसटीला परराज्यात गेला. पत्ते आणि बैठ्या खेळांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

१०. खोकं

मिठाईच्या खोक्याच्या कारखान्यातून कोरं पांढरं खोकं मिळतं, वर स्टिकर लावा. आत नियमांचा कागद सगळ्यात वर ठेवा, तळाशी नको, लोक शोधत नाहीत. बुटांच्या नव्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी एक टाका.

आणि सांगलीच्या गावभागात, खणभागात किंवा नदीच्या अंगाला राहत असाल तर संच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. माझे माळ्यावर असतात, पासबुकं आणि लग्नाच्या अल्बमच्या शेजारी.